लहान असला तरी चालेल, पण जिवंत पाठवा!

१७८७ साली अर्जेंटिनात, लुहान नदीच्या काठी, एका अजस्र प्राण्याची हाडं सापडली. पुढच्या वर्षी ती जहाजाने माद्रिदला पोचली. स्पेनच्या राजाने वसाहतीत लगेच हुकूम धाडला: असला एखादा प्राणी जिवंत पाठवा, लहान असला तरी चालेल! राजाचं काही चुकलं नव्हतं. प्राण्याची अख्खी जात नामशेष होऊ शकते, हे तेव्हा फारसं कुणी मानतच नव्हतं.

१७९६ मध्ये पॅरिसच्या क्युव्हिए या प्राणिशास्त्रज्ञाने सांगाड्याची नुसती चित्रं पाहून ओळखलं, की हा झाडाला उलटा लटकणाऱ्या स्लॉथचा भाऊबंद. नाव ठेवलं मेगाथेरियम, म्हणजे 'प्रचंड पशू'. आजचा स्लॉथ चार-आठ किलोंचा. हा सुमारे चार टनांचा, हत्तीएवढा. नख्या इतक्या लांब आणि वाकड्या, की तळवा सपाट टेकताच येईना. पावलाच्या बाहेरच्या कडेवर भार देत चालायचा. मागच्या पायांवर उभा राहून, शेपटीचा टेकू घेऊन उंचावरचा पाला ओढायचा. (आपल्या अस्वलाला इंग्रजीत 'स्लॉथ बेअर' म्हणतात, पण त्याचा या कुळाशी काहीही संबंध नाही. त्याच्या लांब नख्या पाहून युरोपीय अभ्यासकांची फसगत झाली, तेच नाव चिकटलं.)

मला मात्र हाडांपेक्षा एक कातडं जास्त अस्वस्थ करतं. १८९५ मध्ये दक्षिण चिलीतल्या एका गुहेत ते सापडलं, मायलोडॉन या दुसऱ्या जमिनीवरच्या स्लॉथचं. वर राठ, तांबूस केस. आत, कातड्यातच रुतलेले हाडाचे बारीक खडे, वाटाण्या-घेवड्याच्या दाण्यांसारखे. जणू अंगभर चिलखत. गुहेतल्या कोरड्या थंडीने ते इतकं ताजं ठेवलं होतं, की प्राणी अजून जिवंत असणार असं वाटून त्याच्या शोधात पॅटागोनियात मोहीमही निघाली. तो अर्थातच भेटला नाही. कातडं दहा हजार वर्षांहून जुनं निघालं.

माणसाची आणि या जमिनीवरच्या स्लॉथांची गाठ मात्र नक्की पडली होती. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सच्या सुकलेल्या तळ्यात स्लॉथच्या पाऊलठशांची रांग आहे आणि काही ठशांच्या आत माणसाचं पाऊल उमटलंय; कुणीतरी मागावर होतं. सरळ चाललेली स्लॉथची रांग तिथे एकाएकी गोल फिरते. बाजूला पुढच्या पंजांच्या नख्यांचे ओरखडे आहेत. मागच्या पायांवर उठून, हात पसरून तो त्या माणसाकडे वळला होता.