बुजवलेली खिडकी आणि खिडकीपट्टी

इंग्लंडमधल्या बऱ्याच जुन्या जमीनदारी वाड्यांची आता हॉटेलं झाली आहेत. तिथे उतरलेल्या पाहुण्यांना विटांनी बंद केलेली एखादी खिडकी दाखवून हमखास सांगितलं जातं, "कर वाचवायला बुजवली." घराच्या खिडक्या मोजून लावलेला असा कर (खिडकीपट्टी) होता, हे खरं. १६९६ मध्ये तो लागू झाला आणि थेट १८५१ मध्ये रद्द झाला. त्यापायी काही घरांच्या खिडक्या खरोखरच बुजल्या. पण दिसेल त्या बंद खिडकीचं खापर करावर फोडणं चूक आहे.

त्या काळात दर्शनी भाग डावी-उजवीकडे सारखा दिसावा, असा मोठा आग्रह असे. आत धुराड्याची नळी, जिना किंवा आडवी भिंत आली, तर तिथे उघडी खिडकी जमायची नाही. मग गवंडी चौकट, उंबरा सगळं करून मधला भाग पहिल्यापासूनच बंद ठेवत. कर संपल्यानंतर बांधलेल्या घरांतही अशा खिडक्या आहेत, हा तर सरळ पुरावा.

फरक ओळखायला जवळ जाऊन विटा पाहा. नंतर बुजवलेल्या खिडकीत कडेला सरळ उभा सांधा दिसतो, आणि बरेचदा विटेचा रंग नि चुनाही वेगळा असतो. मुळातच बंद असलेल्या खिडकीत विटांचे थर आजूबाजूच्या भिंतीत गुंफलेले असतात. मला ही दुसरी खिडकी जास्त मोलाची वाटते, कारण तिच्यात बांधणाऱ्याचा विचार दिसतो. आतल्या बाजूला चूल असेल, तर खिडकी मुळातच बंद होती, यात फारशी शंका उरत नाही.