मुंबईची उद्याने आणि मैदाने : महापालिकेच्या उद्यान खात्यामागचा इतिहास

मुंबई महापालिकेच्या उद्यान खात्याकडे आज उद्याने, मनोरंजन मैदाने, खेळाची मैदाने, रस्तादुभाजक आणि वाहतूक बेटांवरची हिरवळ यांची देखभाल आहे. शिवाय शहरातल्या झाडांची गणना, पावसाळ्यापूर्वीची फांद्यांची छाटणी आणि वादळवाऱ्यात पडलेली झाडे उचलणे हेही त्याच खात्याचे काम आहे. ही कामे एखाद्या योजनेनुसार एकदम त्याच्याकडे आलेली नाहीत. दीडशे वर्षांत कधी एखादी संस्था बंद पडली म्हणून, कधी साथ आली म्हणून, तर कधी नवा कायदा झाला म्हणून ती एकेक करून जमा होत गेली. या सगळ्यात बागा फुलवण्यापेक्षा मोकळी जागा मिळवणे आणि मिळालेली जागा मोकळी राखणे हेच काम नेहमी अवघड ठरले, आणि खात्याचा इतिहास वाचायचा तो याच अंगाने.

आरंभ राणीच्या बागेपासून करावा लागतो. पश्चिम भारताच्या कृषी व उद्यानविद्या संस्थेची वनस्पतीबाग आधी शिवडीला होती. ती जागा पुढे ख्रिस्ती दफनभूमीसाठी गेली आणि संस्थेने भायखळ्याला नवी बाग उभारली. तिचे उद्घाटन १८६२ मध्ये झाले. या उपक्रमाला आणि बागेतल्या वस्तुसंग्रहालयाला नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या मंडळींचे पाठबळ होते. मात्र १८७३ मध्ये संस्थाच संपुष्टात आली आणि बाग महापालिकेच्या अंगावर पडली. पालिकेच्या ताब्यात आलेली ही पहिली मोठी बाग म्हणजे एक उत्तम वनस्पतीसंग्रह होता. प्राणी तिथे नंतर आले. आजही तिथली गोरखचिंच, कैलासपती आणि हंगामात लालभडक घोसांनी लगडणारी उर्वशी पाहिली, की ही बाग मुळात कशासाठी लावली होती ते कळते. सुमारे तीन हजार झाडांच्या या संग्रहाची खरी किंमत शहराला उशिरा उमगली. २००७ नंतर प्राणिसंग्रहालयाच्या नूतनीकरणाचा मोठा आराखडा पुढे आला, तेव्हा झाडांच्या काळजीपोटी नागरिकांनी चिकाटीने विरोध केला आणि आराखडा बदलावा लागला. महापालिकेचे झाडे, फुले, फळे आणि भाजीपाल्याचे वार्षिक प्रदर्शन याच बागेत भरते आणि घराच्या खिडकीत चार कुंड्या ठेवणारी माणसे तिथे मुद्दाम येऊन माळ्यांना शंका विचारतात.

मलबार टेकडीवर पाण्याच्या टाकीच्या छतावर केलेली टांगती बागही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळातलीच. या काळातली खरी महत्त्वाची घटना मात्र कायद्याच्या पुस्तकात घडली. १८८८ च्या मुंबई महापालिका अधिनियमाने पालिकेच्या कर्तव्यांचे दोन भाग केले. मलनिस्सारण, पाणी, रस्ते, दिवाबत्ती ही आवश्यक कर्तव्ये झाली, तर सार्वजनिक उद्याने आणि क्रीडांगणे ऐच्छिक कर्तव्यांत गेली. म्हणजे पालिकेने ती केली तर ठीक, न केली तर तिला जाब विचारायला कायद्याचा आधार तोकडा. उद्यानांसाठीची तरतूद पुढे नेहमीच मागे का पडत गेली, याचे एक मूळ मला या विभागणीत दिसते.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले आणि दाटीवाटीच्या वस्तीतली हवा व उजेड हा एकाएकी जीवनमरणाचा प्रश्न झाला. दोन वर्षांनी, १८९८ मध्ये, सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांत आखलेल्या वसाहतींमध्ये रुंद रस्ते, इमारतींमधले अंतर आणि मोकळ्या जागा आधीच नकाशावर मांडलेल्या होत्या. दादर पारशी कॉलनीतली पाच उद्याने त्याच आखणीतून आली. ट्रस्टमध्ये अभियंता असलेल्या मंचेरजी जोशी यांचे नाव आज त्या उद्यानांना आहे. इमारती उभ्या राहण्यापूर्वी मैदान राखून ठेवणे मुंबईला तेव्हा जमले होते, ही गोष्ट आजच्या नियोजनकारांनी विसरू नये. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला आणि त्याच्या मोकळ्या जागाही पालिकेकडे आल्या.

पालिकेने १९२५ मध्ये लोकांसाठी खुले केलेले माहीम पार्क १९२७ मध्ये, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने, शिवाजी पार्क झाले. साधारण अठ्ठावीस एकरांच्या या मैदानाने शहराला काय दिले, याचा हिशेब कुठल्याही अंदाजपत्रकात मांडता येणार नाही. पहाटे कट्ट्याभोवती चालणारे ज्येष्ठ, जाळ्यांमध्ये फलंदाजी करणारी मुले, समर्थ व्यायाम मंदिरातला मल्लखांब, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतल्या विराट सभा आणि १ मेचे संचलन हे सारे याच मातीवर झाले. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या लाखो अनुयायांसाठी मंडप, पाणी आणि स्वच्छतागृहांची सोय महापालिका इथेच करते, आणि त्या दिवसांत हे मैदान गावोगावहून आलेल्या माणसांचे निवासस्थान होते. इतक्या उपयोगांचा ताणही पडतो. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परिसर शांतता क्षेत्र ठरवला आणि सभांवर मर्यादा आल्या. उन्हाळ्यात उडणाऱ्या लाल मातीबद्दल भोवतालचे रहिवासी वर्षानुवर्षे तक्रार करत आले आहेत. खेळाडूंना कोरडी मैदाने हवीत आणि रहिवाशांना बसलेली माती हवी. या दोन्ही मागण्या रास्त आहेत आणि त्यांचा मेळ घालणे हे खात्याचे दैनंदिन काम आहे.

स्वातंत्र्यानंतर जागा मिळवण्याची पद्धत बदलली. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार विकास आराखड्यात उद्यान किंवा मैदान म्हणून भूखंड आरक्षित करता येतो. पण आरक्षण म्हणजे ताबा नव्हे. ठरलेल्या मुदतीत संपादन झाले नाही, तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरही पालिका हलली नाही तर आरक्षण रद्द होते. आराखड्यावर हिरव्या रंगाने दाखवलेल्या कित्येक जागांवर त्यामुळे कधीच बाग झाली नाही. काहींवर तोवर वस्ती उभी राहिली होती. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याने वृक्ष प्राधिकरण आले, आणि झाड तोडण्याआधी त्याच्या बुंध्यावर सूचना चिकटवून हरकती मागवण्याची जबाबदारी उद्यान खात्यावर आली. खात्याच्या गणनेत मुंबईत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे नोंदली गेली आहेत.

सर्वांत मोठी संधी हातची गेली ती गिरणगावात. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि सुमारे सहाशे एकर जमिनीचे काय करायचे हा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ नुसार या जमिनीचा साधारण एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, जवळपास तेवढाच परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेला मालकाला मिळायचा होता. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी संपूर्ण जमिनीची न होता, बांधकाम नसलेल्या मोकळ्या भागाचीच व्हावी असे ठरले आणि पालिकेचा वाटा फारच आक्रसला. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने नागरिकांच्या बाजूने निकाल दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००१ चा बदल वैध ठरवला. परळ आणि लोअर परळच्या चाळींमधल्या मुलांना मिळू शकली असती अशी मैदाने त्या एका शब्दबदलाने गेली, आणि त्या नुकसानीची भरपाई आता कशानेही होणारी नाही.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा आणि क्रीडांगणे नागरी संस्थांच्या कार्यक्षेत्रात नोंदवली. त्याने जबाबदारी स्पष्ट झाली, पैसा मात्र आपोआप आला नाही. त्या उणिवेवर उपाय म्हणून भूखंड खासगी संस्थांना देखभालीसाठी देण्याची पद्धत रुळली. तिच्यातून काही जागा उत्तम राखल्या गेल्या. इतर काही जागांवर क्लब आणि बांधकामे उभी राहून सामान्य माणसाला फाटकाबाहेर थांबावे लागले. जानेवारी २०१६ मध्ये महापालिकेने असेच नवे धोरण मंजूर केले, तेव्हा इतका विरोध झाला की मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली आणि दिलेले भूखंड परत घेण्यास सुरुवात झाली. परत घेतलेल्या जागा नीट राखायला माळी, मुकादम आणि निधी लागतो; तो दिला नाही तर खासगी हातांचा आग्रह पुन्हा होतो.

मुंबईत माणशी मोकळी जागा दीड चौरस मीटरहूनही कमी आहे. २०१८ मध्ये मंजूर झालेला २०३४ पर्यंतचा विकास आराखडा हे प्रमाण वाढवू पाहतो. २०२४ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सच्या २११ एकरांपैकी १२० एकर उद्यानासाठी महापालिकेकडे देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला आणि सागरी किनारा रस्त्याच्या भरावावरही मोठी मोकळी जागा तयार झाली. राणीच्या बागेनंतर इतकी मोठी सलग जमीन पालिकेच्या उद्यानांसाठी क्वचितच आली असेल. तिच्याखाली वाहनतळ किती, तिच्यावर बांधकाम किती आणि वरळीच्या बीडीडी चाळीतल्या कुटुंबाला तिथे पैसे न मोजता बसता येईल का, हे प्रश्न आराखडा कागदावर असतानाच सुटले पाहिजेत.