गोळी आधी, मग बाबा

"बापाचं दुखणं लेकीनं अंगावर घेतलं गं," आत्या माझ्या कपाळावरून हात फिरवत म्हणाली. वर आयसीयूत बाबा होते आणि खाली कॅज्युअल्टीत सलाईन लावून मी. आत्याची माया खरी होती, निदान मात्र चुकीचं होतं. मी काहीच अंगावर घेतलं नव्हतं. घ्यायचं तेवढंच राहून गेलं होतं: प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या पाच मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या.

मला ल्युपस आहे. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच अवयवांवर उलटते. माझ्या बाबतीत ती मूत्रपिंडांवर उलटली. दोन वर्षं रोज सकाळी दहा मिलिग्रॅम स्टेरॉइड चालू होतं. त्या सकाळी बाबांच्या हातून चहाचा कप निसटला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, जीभ जड झाली. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, हे मला माहीत होतं. १०८ला फोन केला. बाबांची फाईल, त्यांच्या बीपीच्या गोळ्या, आधार कार्ड, सगळं आठवणीनं घेतलं. माझी स्ट्रिप फ्रीजवर तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मळमळायला लागलं. रात्री उलट्या झाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली. जागरण झालंय, टेन्शन आलंय, लिंबू सरबत घे, असं जो तो सांगत होता. रक्तदाब निघाला ८०/५०. एका तरुण निवासी डॉक्टरनं विचारलं, "ताई, रोजची कुठली गोळी चालू आहे का?" मी सांगितलं आणि तिचा चेहराच बदलला. हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड १०० मिलिग्रॅम शिरेतून, सोबत सलाईन. थोड्याच वेळात मला छताचा पंखा एकच दिसायला लागला.

हे का झालं ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण संधिवात, दमा, ल्युपस, मूत्रपिंड प्रत्यारोपण अशा कितीतरी कारणांनी लोक दीर्घकाळ स्टेरॉइड घेत असतात, आणि आईवडिलांचं आजारपण विचारून येत नाही.

दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक अधिवृक्क ग्रंथी असते, जेमतेम चार-पाच ग्रॅमची. तिच्या बाहेरच्या थरात, कोलेस्टेरॉलपासून, कॉर्टिसॉल हे संप्रेरक तयार होतं. किती तयार करायचं हे ती ग्रंथी स्वतः ठरवत नाही. मेंदूतला हायपोथॅलॅमस सीआरएच नावाचा निरोप पाठवतो, तो मिळाला की खालची हरभऱ्याएवढी पियुषिका ग्रंथी एसीटीएच सोडते, आणि ते रक्तातून अधिवृक्कापर्यंत पोहोचलं की कॉर्टिसॉल बनतं. रक्तातलं कॉर्टिसॉल वाढलं की तेच मेंदूला सांगतं, पुरे. टाकी भरली की पंप बंद करणाऱ्या फ्लोटसारखं. पहाटे हा पंप जोरात चालतो, मध्यरात्री जवळजवळ थांबतो, आणि ताप, शस्त्रक्रिया, अपघात असं काही आलं की वेळकाळ न बघता कितीतरी पटींनी जास्त पाणी चढवतो.

गोळीतलं स्टेरॉइड आणि ग्रंथीचं कॉर्टिसॉल यांतला फरक मेंदूला कळत नाही. पाच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे निरोगी शरीराच्या साधारण एका दिवसाच्या कॉर्टिसॉलइतकं. मी त्याच्या दुप्पट घेत होते. टाकी सतत भरलेली, त्यामुळे पंप बंद. इथवर बहुतेकांना ठाऊक असतं. पुढचा भाग मला फार विलक्षण वाटतो. एसीटीएच हा अधिवृक्कासाठी नुसता हुकूम नाही, ते तिचं पोषणही आहे. महिनोन्महिने ते मिळालं नाही तर कॉर्टिसॉल बनवणारा थर अक्षरशः वाळतो, पातळ होतो. मग एके दिवशी गोळी चुकली तर टाकी रिकामी होते, पण पंप लगेच चालू होत नाही. आधी पियुषिकेला जाग यावी लागते, नंतर त्या थराला पुन्हा बाळसं धरावं लागतं. त्याला कित्येक महिने लागू शकतात. म्हणून डोस हळूहळू उतरवतात.

आता कुणी म्हणेल, कॉर्टिसॉल नाही तर नाही, संकटात ॲड्रिनॅलिन असतंच की. ते बनतं त्याच ग्रंथीच्या गाभ्यात, आणि तिथे एक सुंदर गुंतागुंत आहे. नॉरॲड्रिनॅलिनचं ॲड्रिनॅलिन करणारं पीएनएमटी हे विकर (एन्झाइम) पुरेशा प्रमाणात तयार व्हायला कॉर्टिसॉल लागतं, आणि ते बाहेरच्या थरातून, गाभ्याकडे येणाऱ्या रक्तातून, भरपूर प्रमाणात मिळतं. शिवाय रक्तवाहिन्यांनी ॲड्रिनॅलिनचं ऐकावं, आकसून रक्तदाब टिकवावा, यासाठीही कॉर्टिसॉलची हजेरी लागते. म्हणजे भोंगा वाजवायला कॉर्टिसॉल हवं आणि तो ऐकायलाही हवं. मीठ-पाणी राखणारं अल्डोस्टेरॉन बनवणारा थर मात्र मुख्यतः मूत्रपिंडांच्या रेनिनवर चालतो, त्यामुळे गोळ्यांमुळे झालेल्या या अवस्थेत तो बहुधा शाबूत राहतो. अधिवृक्क ग्रंथीच निकामी होणाऱ्या ॲडिसनच्या आजारात, ज्याचं वर्णन थॉमस ॲडिसननं १८५५ साली केलं, तोही थर जातो.

मोबाईलवर सध्या "कॉर्टिसॉल कमी करा" असं सांगणाऱ्या रील्स आणि "थकलेल्या अधिवृक्का"साठीच्या पावडरी धो धो वाहत आहेत. अधिवृक्क थकण्याचा असा कुठलाही मान्यताप्राप्त आजार वैद्यकशास्त्रात नाही. कॉर्टिसॉल हा शत्रू नव्हे. त्याच्याशिवाय मी जिन्यात कोसळणार होते. "स्टेरॉइड वाईट, आजपासून बंद कर आणि हा काढा घे," असं सांगणारे शेजारी तर जिवाशी खेळत असतात. या औषधाचे दुष्परिणाम मी आरशात रोज बघते, पण १९४८च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवातानं जखडलेल्या एका २९ वर्षांच्या बाईला कॉर्टिसोन दिलं आणि ती काही दिवसांत चालायला लागली, हेही याच कुळातल्या औषधानं केलं. त्या कामाला १९५० साली नोबेल मिळालं.

नुसती परीक्षा, भांडण, काळजी यांसाठी डोस वाढवावा लागत नाही. तापात तो वाढवावा लागतो, आणि उलट्यांमुळे गोळी पोटात ठरत नसेल तर इंजेक्शनच लागतं. पण जबर धक्का, जागरण आणि उपाशीपोटी धावपळ एकदम आली तर काय करायचं, हे आपल्या डॉक्टरांकडून शांत दिवशीच लिहून घ्यावं. धावपळ सुरू झाल्यावर डोकं चालत नाही. माझं चाललं नाही.

भावानं त्यानंतर रात्रपाळी स्वतःकडे घेतली. बाबा आत पडलेले असताना आपण घरी झोपायचं, हे मला लाजिरवाणं वाटत होतं. तेव्हा १९९५चा अमेरिकेतला एक प्रयोग माझ्या कामी आला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची शुश्रूषा करणाऱ्या १३ बायका आणि तशी जबाबदारी नसलेल्या १३ बायका यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखीच जखम करण्यात आली. शुश्रूषा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. गट लहान होता, हे मान्य. पण त्या बायका धडधाकट होत्या आणि मी नव्हते. दिवसा दोन तास, मास्क लावून, एवढंच मी जायचं ठरवलं. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेऊन रात्रभर आयसीयूच्या दारात बसणं म्हणजे तिथल्या जंतूंना आवतण देणं होतं.

आता माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात दहा दिवसांच्या गोळ्या आणि एक प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागद असतो: "मी दीर्घकाळ स्टेरॉइडवर आहे. बेशुद्ध किंवा सतत उलट्या असल्यास हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम ताबडतोब द्यावं." त्याखाली डॉक्टरांची सही आणि फोन. त्याचीच एक प्रत बाबांच्या फाईलला टाचलेली आहे, कारण यापुढे कधी धावाधाव झालीच तर घराबाहेर पडताना मी त्यांचीच फाईल आधी उचलणार, हे आता मला माहीत आहे.

बाबा घरी आलेत. उजव्या हातात अजून जोर नाही आणि बोलताना शब्द शोधावे लागतात. सकाळी आठला मी चहा घेऊन गेले की ते कपाकडे न बघता डावा हात वर करतात, अंगठा आणि तर्जनी जोडून बारीक काहीतरी धरल्याची खूण करतात आणि माझ्या मानेच्या होकाराची वाट बघतात.