वॉटरप्रूफ रंगाने ओल जात नाही

विकत घेतलेल्या घराच्या भिंतीला ओल आली की हमखास सल्ला मिळतो: ‘वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात मारा, विषय संपला.’ विषय संपत नाही, झाकला जातो. पाणी भिंतीच्या आतून किंवा मागून येत असतं. आतल्या बाजूने रंगाचा थर चढवला की त्याची बाहेर पडायची वाट बंद होते. मग रंगाला फुगे येतात. एखादा नखाने फोडून बघा, आत पिठासारखी पांढरी भुकटी सापडते. ते विटा-सिमेंटमधले क्षार, पाण्यात विरघळून पृष्ठभागावर आलेले.

आधी पाण्याचा उगम शोधा. सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर बघा. तरीही फिरत असेल तर बहुधा पाइप गळतोय. मीटर थांबलेला असेल तर बाथरूमची जाळी बंद करून फरशीवर पाणी तुंबवा आणि एक-दोन दिवस शेजारची भिंत, खालचं छत तपासा. ओल फक्त पावसातच दिसत असेल तर संशय बाहेरच्या गिलाव्यातल्या भेगांवर आणि खिडक्यांच्या कडांवर. (विकण्याआधी एकाच भिंतीला ताजा रंग का लावलेला असतो, हे आता कळलं असेल.)

दुरुस्ती पाणी जिथून येतं तिथेच करायची, मग भुसभुशीत झालेला गिलावा पाडून नवा करायचा. भिंत वाळायला कित्येक आठवडे लागू शकतात. तोवर रंगाऱ्याला थांबवा.