दगडी नांगर (कोकण किनारा)

दगडी नांगर : होडी, मचवा, गलबत किंवा जाळ्याचा बोया (तरंगती खूण) पाण्यात एका जागी धरून ठेवण्यासाठी दोराला बांधून तळाशी सोडला जाणारा दगड. तो अनघड असतो किंवा भोके पाडून घडवलेला असतो. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर घडीव नांगरांचे मुख्यतः तीन प्रकार आढळतात : मधोमध एक भोक असलेला चक्राकार, वरच्या टोकाशी एक गोल व खाली दोन चौकोनी भोके असलेला त्रिकोणी, आणि वर निमुळता होत गेलेला, खांबासारखा लांबट. तिसऱ्या प्रकाराला अभ्यासक ‘इंडो-अरब’ म्हणतात. त्याच्या खालच्या भागात दोन चौकोनी भोके एकमेकांना काटकोनात आरपार काढलेली असतात. त्यांत लाकडी दांडे ठोकले की तळ धरणारे चार हात तयार होतात.

काळ व उगम : या नांगरांच्या काळाबद्दल एकमत नाही. द्वारकेच्या समुद्रातील संशोधनात पुरातत्त्वज्ञ शि. रं. राव यांना त्रिकोणी, तीन भोकांचे नांगर मिळाले. सायप्रस व सिरिया येथील कांस्ययुगीन नांगरांशी असलेल्या साम्यावरून त्यांनी ते उत्तर हडप्पा काळाच्या (सिंधू संस्कृतीच्या उतरत्या काळाच्या) आसपासचे मानले. पुढे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील अ. सिं. गौर, सुंदरेश, शिला त्रिपाठी आदी अभ्यासकांनी गुजरातपासून गोव्यापर्यंतचे नांगर एकत्र ताडून पाहिले आणि बहुतेकांचा काळ बराच अलीकडे, ऐतिहासिक व मध्ययुगीन काळात आणला. इंडो-अरब नांगरांसाठी साधारण नववे ते सतरावे शतक हा पल्ला सुचवला जातो. इराणच्या किनाऱ्यावरील सिराफ, ओमान, पूर्व आफ्रिका आणि श्रीलंका येथील तशाच नांगरांशी असलेली तुलना हा त्याचा मुख्य आधार आहे.

दगड केव्हा घडवला हे दगडावरून थेट सांगता येत नाही. काळ ठरवता आला असता असे दांडे आणि दोर बहुधा कुजून गेलेले असतात. नांगर बुडालेल्या जहाजासोबतच मिळतो असेही नाही. खडकात अडकला की दोर तोडून तो सोडून देणे हा नेहमीचा प्रकार, त्यामुळे एकाच बंदरात निरनिराळ्या शतकांचे नांगर शेजारी शेजारी पडलेले असू शकतात. शिवाय सोयीचा आकार पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. म्हणून केवळ आकाराच्या साम्यावर बेतलेली फार प्राचीन तारीख जपूनच स्वीकारावी लागते, आणि सध्या तरी मध्ययुगीन मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र ‘इंडो-अरब’ या नावावरून असे सगळे नांगर अरबांनीच आणले असा अर्थ काढणे योग्य नव्हे. अरबी समुद्रातील व्यापारात भारत व अरबस्तान या दोन्ही किनाऱ्यांची जहाजे होती.

कोकणातील नांगर : विजयदुर्ग आणि मालवणजवळचा सिंधुदुर्ग येथील समुद्रातून दगडी नांगर नोंदवले गेले आहेत. सिंधुदुर्गाचे बांधकाम 1664 मध्ये सुरू झाले. परंतु भोवतालच्या पाण्यातील प्रत्येक नांगर किल्ल्याच्या काळातीलच असेल असे गृहीत धरता येत नाही. विजयदुर्गाला वाघोटण खाडीचा आसरा आणि आंग्र्यांच्या आरमाराची गोदी होती, त्यामुळे तेथे नांगर मिळणे स्वाभाविक आहे. चौल आणि शूर्पारक (आजचे नालासोपारा) ही बंदरे पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवृत्तातही येतात.

नांगराचा खडक कोणता हे तपासणे उपयोगी ठरते. रत्नागिरी-विजयदुर्गापर्यंतच्या पट्ट्यात काळा बेसाल्ट व त्यावर जांभा आहे. दक्षिण सिंधुदुर्गात ग्रॅनाइट व क्वार्ट्‌झाइटसारखे जुने खडकही दिसतात. जांभा कापायला सोपा असला तरी सच्छिद्र व ठिसूळ; दोर घासून भोकाची कड लवकर ढासळेल. म्हणून घडीव नांगराला कठीण खडक बरा.

वजन व दोर : दगडाचे कोरडे वजन फसवे असते. बेसाल्टचा 10 किलोचा दगड समुद्राच्या पाण्यात सुमारे साडेसहा किलोच भरतो. तेवढ्याच वजनाचा सिमेंटचा ठोकळा पावणेसहा, लोखंड साडेआठच्या थोडे वर आणि शिसे नऊ किलोंच्या आसपास. शिवाय नुसता जड दगड वाळूवर फरफटतो. चिखलात तो रुततो आणि बरा धरतो. दांडे असलेला नांगर वजनापेक्षा हातांच्या पकडीवर काम करतो. ती पकड टिकण्यासाठी ओढ तळाशी जवळजवळ आडवी हवी, म्हणजे दोर लांब हवा : शांत पाण्यात खोलीच्या निदान तिप्पट, वाऱ्यात पाच ते सात पट. दोर आखूड ठेवला तर प्रत्येक लाटेसरशी नांगर वर उचलला जातो. जुन्या नांगरांच्या वजनांची चर्चा दोराशिवाय केली की ती अर्धीच राहते, आणि बऱ्याच लेखनात नेमके तेच झाले आहे.

खोली मोजताना भरती धरावी लागते. मुंबईजवळ उधाणाला पाणी 4 मीटरांहून अधिक चढते, तर मालवण-वेंगुर्ल्याकडे साधारण दोन-अडीच मीटर. जाळ्याच्या बोयाला ओहोटीच्या खोलीवर दोर बेतला तर भरतीत बोया बुडतो किंवा वजन उचलून वाहू लागतो. फार सैल ठेवला तर ओहोटीत गुंता होतो.

पूर्वी दोर काथ्याचा असे. तो खाऱ्या पाण्यात टिकतो व ताण आला की लवचीकपणे देतो. नायलॉन पाण्यात बुडते आणि चांगले ताणते, म्हणून नांगराला ते योग्य. पॉलिप्रॉपिलीन तरंगते, त्याचा सैल भाग पृष्ठभागावर पसरून दुसऱ्या होडीच्या पंख्यात अडकतो. तोच वापरायचा तर बोयाच्या थोडे खाली दोराला एखादे लहान वजन बांधतात, म्हणजे सैल भाग खाली राहतो. दगडाच्या भोकात दोर घासतो, तिथे जुन्या रबरी नळीचा तुकडा चढवला की तो बराच टिकतो.

सद्यःस्थिती : मोठ्या होड्यांवर आता चार आकड्यांचे लोखंडी नांगर आहेत. लहान होड्या आणि थर्माकोलच्या किंवा प्लास्टिकच्या डब्यांच्या बोयांना दोराने चौफेर आवळलेला दगड, सिमेंटचा ठोकळा किंवा वाळूची गोण बांधली जाते. शंभर वर्षांहून जुना घडीव नांगर 1972 च्या पुरावस्तुविषयक कायद्याखाली पुरावस्तू ठरू शकतो. जाळ्यात असा दगड वर आला तर तो कोठे, किती वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) पाण्यात आणि कसल्या तळावर मिळाला ही माहिती दगडाइतकीच मोलाची असते. जागेवेगळ्या झालेल्या नांगरावरून त्याच्या काळाबद्दल फारसे काही सांगता येत नाही.