कानस, सरफेस प्लेट आणि मार्किंग: बेंचवर्कच्या धड्यांमागचा इतिहास

मशीन शॉपमध्ये शिकायला आलेल्या माणसाला लेथ चालवायची घाई असते, आणि हातात पडते ती कानस. पहिले कित्येक दिवस व्हाइसपुढे, म्हणजे काम घट्ट धरणाऱ्या शिकंजापुढे, उभं राहून माइल्ड स्टीलचा एक तुकडा घासायचा. आधी एक बाजू सपाट करायची, मग तिला काटकोनात दुसरी, मग तिसरी. त्यानंतर मार्किंग (कापायच्या रेघा आखणं), पंचिंग, ड्रिलिंग, टॅपिंग (भोकात आटे पाडणं) आणि सरतेशेवटी एकात एक बसणारी नर-मादी जोडी. तंत्रशाळा कुठल्याही देशातली असो, क्रम थोड्याफार फरकाने हाच. शिकणाऱ्याला वाटतं, ही मशीनवर जाण्याआधीची उमेदवारी आहे. खरं तर एके काळी हेच सगळं काम होतं. मशीनं त्यातून निघाली, आणि धड्यांचा हा क्रम ठरला तो एका शाळेत.

कानस हे अवजार फार जुनं. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९३६ साली शेत नांगरताना व्हायकिंग काळातली अवजारांची पेटी मिळाली, तिच्यात हातोडे, सांडशी, करवती यांच्याबरोबर कानशीही होत्या. बाराव्या शतकात थिओफिलस या नावाने लिहिणाऱ्या एका ख्रिस्ती साधूने कानस कठीण करण्याची कृती नोंदवून ठेवली आहे. बैलाचं शिंग जाळून त्याची पूड करायची, तिच्यात मीठ मिसळायचं, ते मिश्रण तापलेल्या कानशीवर टाकायचं आणि कानस पाण्यात विझवायची. आजच्या भाषेत हे केस हार्डनिंग. दात मात्र हातानेच, छिन्नीच्या एकेका घावाने पाडायचे. एकोणिसाव्या शतकात शेफिल्डचे कारागीर एका बाजूचे दात पाडून झाले की ती बाजू शिशाच्या ठोकळ्यावर पालथी ठेवत आणि दुसऱ्या बाजूला हात घालत. शिसं मऊ, त्यामुळे आधीचे दात शाबूत राहत. कारागिरांना मात्र शिशाची विषबाधा होई. कानशीला कारखान्यातली सर्वांत साधी वस्तू समजणाऱ्यांनी एवढं तरी ठाऊक करून घ्यावं.

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत धातूचा सपाट पृष्ठभाग हवा असेल तर तो छिन्नीने तासून आणि कानशीने घासून काढावा लागे. अचूकपणाची कल्पनाही तेव्हा वेगळी होती. जॉन विल्किन्सनच्या बोरिंग मशीनवर वॉटच्या वाफेच्या इंजिनासाठी ५० इंच व्यासाचा सिलिंडर तयार झाला, तेव्हा १७७६ साली मॅथ्यू बोल्टनने कौतुकाने लिहिलं की त्यात कुठेही जुन्या शिलिंगच्या जाडीइतकाही फरक नाही. आज एवढ्या फरकाचा सिलिंडर कुणी दारातही उभा करणार नाही. तेव्हा त्याच्यावर वाफेचं युग उभं राहिलं. रिचर्ड रॉबर्ट्सने १८१७ साली धातू रंधणारं प्लेनर बनवलं, पण प्लेनर बनवायला प्लेनर कुठून आणणार? त्याच्याही सपाट बाजू हातानेच काढाव्या लागल्या.

या सगळ्या घडामोडींत एक माणूस मध्यभागी दिसतो, तो म्हणजे हेन्री मॉडस्ले. १७८९ साली, अठराव्या वर्षी तो लंडनमध्ये जोसेफ ब्रामा या कुलूपवाल्याकडे कामाला लागला. ब्रामाच्या कुलपातले भाग इतके बारीक बसवावे लागत की केवळ हाताच्या भरवशावर ते परवडण्याजोगं नव्हतं. मॉडस्लेने त्यासाठी मशीनं बनवली, पुढे स्लाइड रेस्ट (कापणारं अवजार पकडून सरळ सरकवणारा भाग) असलेली स्क्रू कटिंग लेथ बनवली, आणि मशीन टूलचा जनक म्हणून नाव कमावलं. पण त्याच्या हाताखाली काम केलेल्या एका जुन्या कामगाराला आठवत होता तो अठरा इंची कानस हाती धरलेला मॉडस्ले. जेम्स नॅस्मिथ १८२९ ते १८३१ त्याचा सहायक होता. त्याच्या आठवणींतून कळतं की मॉडस्लेच्या शॉपमध्ये कामगारांच्या बाकांवर सपाट प्लेटा ठेवलेल्या असत, आणि आपलं काम त्यांच्यावर ताडून बघायची शिस्त होती. १८०५च्या सुमारास मॉडस्लेने स्वतःसाठी एक बाकावरचा मायक्रोमीटर केला आणि त्याला नाव दिलं लॉर्ड चॅन्सलर, कारण मापाच्या वादात त्याचा निकाल शेवटचा.

आता खरी गंमत. प्लेट सपाट आहे की नाही हे पाहायला दुसरी सपाट प्लेट लागते. ती नसेल तर? उत्तर आहे तीन प्लेटा. समजा पहिलीला तेलात कालवलेला शेंदूर पातळ चोपडला आणि तिच्यावर दुसरी घासली. जिथे रंग लागला तो उंचवटा. तो काढत गेलं की दोन्ही प्लेटा एकमेकींशी तंतोतंत जुळतात. पण जुळल्या म्हणजे सपाट झाल्या असं नाही, कारण एक किंचित फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट असली तरी त्या जुळणारच. म्हणून तिसरी प्लेट पहिलीशी जुळवायची. पहिली फुगीर असेल तर दुसरी आणि तिसरी दोन्ही खोलगट झालेल्या असतात. आता त्या दोघींना समोरासमोर आणलं की फक्त कडांना रंग लागतो आणि लबाडी उघडी पडते. आळीपाळीने तिन्ही जोड्या जुळवत गेलं तर तिघींनाही सपाट होण्यावाचून गत्यंतर उरत नाही. एक पळवाट मात्र राहते. प्लेट पिळलेली असली तर ती या तपासणीतून सटकू शकते, म्हणून मधूनमधून एक प्लेट काटकोनात फिरवून लावावी लागते. कुठलंही मापयंत्र नाही, कुठलाही प्रमाण नमुना नाही, फक्त रंग आणि तीन बिडाचे तुकडे. यंत्रयुगातली अचूकता इथून सुरू होते, आणि मला तरी स्लाइड रेस्टपेक्षा ही युक्ती थोर वाटते.

तिचं श्रेय बहुतेक वेळा जोसेफ व्हिटवर्थला दिलं जातं. तो मॉडस्लेकडेच काम करून बाहेर पडलेला, पुढे मँचेस्टरला स्वतःचा कारखाना काढलेला. मॉडस्लेच्या बाकांवर प्लेटा आधीपासून होत्या हे पाहता श्रेय एकट्याला देणं जरा जड जातं. मात्र एक गोष्ट व्हिटवर्थने नक्की केली. १८४० साली ग्लासगोच्या सभेत निबंध वाचून त्याने पद्धत सगळ्यांपुढे मांडली, आणि एमरीची पूड घालून दोन प्लेटा एकमेकींवर घासण्याची तेव्हाची चाल मोडीत काढली. पूड कुठे किती कापते यावर कुणाचा ताबा नसतो, शिवाय तिचे कण धातूत रुतून बसतात. त्याऐवजी जिथे रंग दिसतो तेवढाच ठिपका स्क्रेपरने खरवडायचा. पुढच्या वर्षी त्याने ५५ अंशांच्या आट्याचं प्रमाणीकरण सुचवलं.

सपाट प्लेट मिळाल्यावर मार्किंगचा सगळा नूर बदलला. प्लेट हा पाया, त्यावर सरफेस गेज ठेवून सुईने रेघ ओढली की ती पायाशी समांतर. अँगल प्लेट आणि व्ही ब्लॉक आले की काटकोन आणि गोल कामही त्याच पायावर आलं. मार्किंग शिकताना डेटम, डेटम (सगळी मापं जिथून घ्यायची तो पाया) म्हणून जे कानीकपाळी ओरडलं जातं ते इथलं.

पण मार्किंगची खरी गरज भासे ती बिडाच्या कास्टिंगला. ओतकामातून आलेला तुकडा कधीच ड्रॉइंगप्रमाणे नसतो. कोअर (भोक राहावं म्हणून साच्यात ठेवलेला गाभा) जरा सरकलेला असतो, एक बाजू जाड, दुसरी पातळ, बॉस (भोकाभोवतीचा गोल उंचवटा) मध्यापासून ढळलेला. एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या शॉपमध्ये त्यासाठी वेगळा मार्कर असे आणि त्याच्या टेबलावरून गेल्याखेरीज काम मशीनवर चढत नसे. कास्टिंगला खडू किंवा चुना फासून ते पांढरं करायचं. कोअरच्या भोकात लाकडाची पट्टी आडवी ठोकायची, कारण मध्यबिंदू टेकवायला भोकात जागाच नसते. मग मध्य थोडा इकडे, थोडा तिकडे सरकवत बघायचं की चारही बाजूंना काढायला धातू उरतो का. एका बाजूला दोन सूत कमी पडत असेल तर सगळी आखणी तेवढी सरकवायची. हे ठरवणं म्हणजे मार्करची अक्कल. रेघ ओढणं हे त्यातलं शेवटचं आणि सोपं काम.

रेघेवर ठराविक अंतराने डॉट पंचाचे बारीक ठिपके मारायचे, कारण खडू पुसला जातो. त्यांचा दुसराही उपयोग होता. मशीनवाल्याने बरोबर रेघेपर्यंत कापलं तर प्रत्येक ठिपका अर्धा कापला जाई आणि अर्धा जॉबवर राही. पूर्ण ठिपका शिल्लक म्हणजे अजून काढायचंय, ठिपका गायब म्हणजे जास्त गेलं. कामाचा पुरावा जॉबवरच राहत असल्याने वादाला जागा उरत नसे.

इकडे बंदुकांच्या कारखान्यांत कानशीला वेगळंच वळण लागलं. फ्रान्समध्ये ऑनोरे ब्लाँने बंदुकीच्या घोड्याचे सुटे भाग इतके सारखे केले की १७८५ साली थॉमस जेफर्सनने ढिगातून हाताला येतील ते भाग उचलून स्वतः घोडे जोडून पाहिले. अशा कामासाठी पुढे फायलिंग जिग वापरात आले. भाग कठीण पोलादाच्या चौकटीत धरायचा आणि कानस चौकटीला लागून घसरू लागली की थांबायचं. कसब हातातून निघून चौकटीत गेलं. बेंचवर्कच्या उतरणीची सुरुवात मी इथे धरतो.

धडे शाळेत कसे आले हे त्याला जोडूनच समजतं. इंग्लंडमध्ये १५६३च्या कायद्याने धंदा करण्याआधी सात वर्षांची उमेदवारी सक्तीची होती. तो नियम १८१४ साली गेला. उमेदवार शिकत असे तो वस्तादाशेजारी उभं राहून, जे काम आलं त्यावर. आधी सोपं, मग अवघड असा क्रम नसे. मॉस्कोच्या इम्पीरियल टेक्निकल स्कूलचा संचालक व्हिक्टर देल्ला-व्होस याला ही चाल मान्य नव्हती. शंभर मुलांना एका कारखान्यात सोडून थोड्या महिन्यांत शिकवायचं तर काय करायचं? १८६८ साली त्याने शिकवण्याची वर्कशॉप आणि उत्पादनाची वर्कशॉप वेगळी केली. फिटिंग, लाकूडकाम, लोहारकाम, प्रत्येकासाठी स्वतंत्र शॉप. प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःची जागा आणि स्वतःची अवजारं. धंद्यातल्या क्रिया सुट्या करून सोप्यापासून अवघडापर्यंत रचलेले नमुने, आणि आधीचा नमुना पास झाल्याखेरीज पुढचा नाही. कानशीच्या दातांचा कोन दिसावा म्हणून तिच्या कित्येक पटींनी मोठ्या प्रतिकृती ठेवल्या होत्या.

१८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात हे नमुने मांडले गेले. ते पाहून एमआयटीचे अध्यक्ष जॉन रंकल यांनी आपल्याकडेही तसंच शॉप काढलं. सेंट लुईसमध्ये कॅल्व्हिन वुडवर्ड यांची मॅन्युअल ट्रेनिंग स्कूल १८८० साली सुरू झाली. तिथून ही पद्धत सगळीकडे गेली. तिचा एक तोटाही बरोबर गेला, तो म्हणजे निरुपयोगी जॉब. शिकाऊ मुलाने मन लावून घासलेली नर-मादी जोडी कुठल्याही यंत्रात बसत नाही. शॉपमधल्या वस्तादांची ही तक्रार मला रास्त वाटते, पण वर्गात तीस मुलं असताना दुसरा मार्ग अजून कुणी दाखवलेला नाही.

गंमत अशी की धडे पक्के होत असतानाच कारखान्यातून ते काम कमी होत होतं. स्वीडनच्या कार्ल एडवर्ड योहान्सनने १८९६ साली स्लिप गेजची, म्हणजे नेमक्या जाडीच्या पोलादी ठोकळ्यांची, कल्पना काढली, १०२ ठोकळ्यांच्या संचातून हजारो मापं जुळवता येऊ लागली, आणि बसतंय का ते घासून बघण्याऐवजी मापाने बसवणं शक्य झालं. जिग बोरिंग मशीनने भोकांची केंद्रं रेघेशिवाय गाठली. मोठ्या प्रमाणावरच्या उत्पादनात फिटर नसतोच, असं हेन्री फोर्डच्या नावाने १९२६ साली छापून आलं. १९५२ साली एमआयटीमध्ये न्यूमरिकल कंट्रोलच्या, म्हणजे आकड्यांतल्या सूचनांवर चालणाऱ्या, मिलिंग मशीनचं प्रात्यक्षिक झालं आणि आखलेली रेघ बघायला मशीनपुढे माणूस असायची गरज संपली. सरफेस प्लेटही बदलली. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली तशी ग्रॅनाइटची प्लेट रुळली. ती गंजत नाही आणि काही आपटलं तर तिचा टवका उडतो, बिडासारखा काठ वर येत नाही.

उरलं ते मोल्ड आणि डायचं फिटिंग, मशीन टूलच्या स्लाइडवेचं (भाग ज्यावर सरकतात त्या पट्ट्यांचं) स्क्रेपिंग, दुरुस्ती, आणि सीएनसीवरून (संगणकाने चालणाऱ्या मशीनवरून) उतरलेल्या प्रत्येक जॉबचे बर, म्हणजे कडांना राहिलेली धारदार कुसं, काढणं. मोठी कास्टिंग सीएनसीवर चढवण्याआधी सगळीकडे पुरेसं मटेरियल आहे का हे अजून मार्किंग टेबलावर बघितलं जातं. काही ठिकाणी आता तेच स्कॅनर बघतो, आणि एका बाजूला कमी भरलं तर प्रोग्रामचा शून्यबिंदू तेवढा सरकवतात.