कृष्णा खोरे (गोवंश)

ओढकामासाठी प्रसिद्ध असलेली जड बांध्याची गोजात. कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याचे अथणी, रायबाग व चिकोडी तालुके, लगतचा जमखंडी-मुधोळचा टापू आणि महाराष्ट्राच्या सांगली-सोलापूर भागातील काळे रान हे तिचे क्षेत्र. कृष्णा, घटप्रभा व मलप्रभा या नद्यांच्या खोऱ्यांत ती वाढली.

रूढ मतानुसार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, बहुधा १८८० च्या सुमारास, दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानिकांनी ही जात हेतुपुरस्सर घडविली. सांगलीच्या अधिपतींचा त्यात पुढाकार होता. चिकट काळ्या जमिनीत खोल नांगरट करणारा बैल त्यांना हवा होता. त्यासाठी काठेवाडची गीर, आंध्रची ओंगोल, गुजरातची कांक्रेज आणि स्थानिक, हळ्ळीकार (कर्नाटकातील ओढकामाची गोजात) वळणाची जनावरे यांचा संकर झाला. कोणत्या रक्ताचा वाटा किती, याबाबत मात्र एकवाक्यता नाही. फुगीर कपाळ गीरकडे बोट दाखविते, तर आखूड शिंगे व भरदार वशिंड ओंगोलकडे. हळ्ळीकारची लांब, मागे वळलेली, अणकुचीदार शिंगे येथे आढळत नाहीत. त्यामुळे स्थानिक रक्तालाच मुख्य पाया मानणारे मत जपून स्वीकारावे लागते. सर्व श्रेय एकट्या सांगलीला देणेही अवघड आहे. त्या काळी रायबाग कोल्हापूर संस्थानात, बेळगावला खेटून असलेले शहापूर सांगलीकडे, तर अथणी व चिकोडी इंग्रजी अमलात, अशी या मुलखाची वाटणी होती आणि वळू काही हद्द पाहून फिरत नसावेत. अमेरिकेतील ‘ब्राह्मण’ (Brahman) या गोजातीच्या पूर्वजांतही या वंशाची गणना होते.

रंग बहुधा करडा-पांढरा. बैलाच्या पुढच्या व मागच्या भागावर गडद छटा असते. छाती रुंद, पाय आखूड, कान लहान व टोकदार, गळ्याखालची पोळी लोंबती. खूर मऊ असल्यामुळे हा बैल रानात चालतो, खडीच्या रस्त्यावर टिकत नाही. चाल संथ. गाय एका वितात साधारण ९०० किलोच्या आसपास दूध देते. ओढकामाच्या जातीच्या मानाने हे कमी नव्हे.

बाजारात खोंडाचे वय दातांवरून ठरते: आदत (दुधाचेच दात असलेला), दोन दाती, चार दाती, सहा दाती व शेवटी जुळलेला (सर्व कायमचे दात आलेला). पहिली कायमची जोडी सुमारे दोन वर्षांनी येते. रायबाग तालुक्यातील चिंचलीच्या मायाक्कादेवीच्या माघातील यात्रेत जनावरांचा मोठा बाजार भरतो, पण तेथे खिलार या दुसऱ्या ओढकामाच्या जातीचा वरचष्मा असतो. ज्येष्ठी पौर्णिमेच्या कर्नाटकी बेंदराला बैल सजविण्याची प्रथा आहे.

ट्रॅक्टर, उसाचा प्रसार आणि दुधासाठी संकरित गायींची निवड यांमुळे या जातीची शुद्ध जनावरे आता विरळ झाली आहेत.